आयुष्यभर यीस्ट, आणि पावती कर्करोगाची?

रिकामटेकडा
पॉल नर्स यांच्याबद्दल वाचत होतो. 2001 चं वैद्यकाचं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना मिळालं. पेशी कधी दुभंगायची हे ठरवणारी यंत्रणा त्यांनी उलगडली. मान्य, मोठं काम. पण नर्स आणि हार्टवेल यांचा जीव यीस्टमध्ये, हंट यांचा समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत. त्यात 1984 पासून नर्स होते लंडनच्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडात, म्हणजे लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत. कुणी आपलं माणूस गेल्यावर कर्करोगासाठी म्हणून पैसे देतो, आणि ते यीस्टवर खर्च होतात. हे त्या देणाऱ्याला पटलं असतं का? मला नाही पटत.

पेशीवाली
मी काही वर्षं नर्स यांच्याच जातीच्या यीस्टवर काम केलंय, तेव्हा पक्षपाती समजा हवं तर. सूक्ष्मदर्शकाखाली ते छोट्या कांडीसारखं दिसतं. लांबीला वाढतं, ठरावीक लांबी झाली की मधोमध दुभंगतं. cdc2 जनुक बिघडलेला वाण 25 अंशांना सुखात वाढतो. 36 अंशांना ठेवून काही तासांनी पाहा: वाढ चालू, विभाजन बंद, कांड्यांच्या नुसत्या शेवया झालेल्या असतात. नर्सना याच्या उलटा प्रकारही सापडला, लहान असतानाच दुभंगणाऱ्या पेशी. एडिंबरोत सापडल्या म्हणून नाव ‘वी’, स्कॉटलंडच्या बोलीत चिमुकलं. त्यातल्या एका वाणात बदल याच cdc2 मध्ये निघाला. म्हणजे एकच जनुक बिघडला तर विभाजन थांबतं, आणि वेगळ्या तऱ्हेने बदलला तर वेळेआधी होतं. तो नुसता लागणारा सुटा भाग नाही, वेळ ठरवणारा आहे, हे तिथे कळलं.

आता मुद्द्याचं. 1987 मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं सोडली. त्यातल्या एकाने यीस्टचं विभाजन पुन्हा सुरू केलं. माणसाचं जनुक यीस्टमध्ये बिनतक्रार कामाला लागलं! हे त्याच फंडात झालं. देणगी वाया गेली असं कसं म्हणता?

चष्मिस
प्रयोग सुंदर, वाद नाही. पण हिशेब अर्धा सांगताय. स्तनाच्या कर्करोगावरचं पाल्बोसिक्लिब 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते सीडीके-4 आणि 6 यांना अडवतं, म्हणजे cdc2 च्या प्रथिनाच्याच कुळातल्या दोन प्रथिनांना. ही दोन्ही यीस्टमध्ये नाहीतच. त्याआधीची सरसकट सगळ्या सीडीकेंना अडवणारी औषधं चाचण्यांत फारशी चालली नाहीत.

दुसरं, नर्स स्वतःच सांगतात ती गोष्ट. ‘वी’ पेशींच्या एका प्लेटवर बुरशी आली, त्यांनी ती कचऱ्यात टाकली, घरी गेल्यावर चुटपुट लागली म्हणून परत येऊन उचलली, आणि नेमकं घबाड त्यातच निघालं. छान. पण कचऱ्यातून काढूनही काहीच न निघालेल्या प्लेटींच्या गोष्टी कोण सांगतं? जिंकलेल्यांची चरित्रं वाचून पैसा कुठे घालायचा ते ठरवू नये.

पेशीवाली
सीडीके-4 यीस्टमध्ये नाही, बरोबर. पण सीडीके हे कुळ आहे, त्यांना सायक्लिनची जोड लागते, हे माहीत नसतं तर सीडीके-4 कडे कोण कशाला बघतं? सायक्लिन हंटना 1982 च्या उन्हाळ्यात अर्चिनच्या अंड्यांत दिसलं: विभाजनाआधी साठत जाणारं आणि विभाजनावेळी अचानक नाहीसं होणारं प्रथिन. प्लेटींबद्दल मात्र तुमचं खरं. माझ्याही पुष्कळ कचऱ्यातच गेल्या.

सांजवात
मी शास्त्रातली नाही. आईला टॅक्सॉल हे कर्करोगाचं औषध दिलं होतं. केस जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, भराभर विभागणाऱ्या पेशी मरतात म्हणून. पण बोटं बधिर झाली. ब्लाउजचे हूक मी लावून द्यायचे, ती भिंतीकडे बघत उभी राहायची. मज्जातंतूच्या पेशी तर विभागत नाहीत ना? मग बोटं का? तुमचे सीडीके चालू द्या, पण याचं उत्तर कुणी शोधतंय का?

पेशीवाली
ताई, टॅक्सॉल पेशीतल्या सूक्ष्मनलिका गोठवतं, हे सुझन हॉर्विट्झ यांनी 1979 मध्ये दाखवलं. विभाजनात गुणसूत्रं ओढणारे दोर त्याच नलिकांचे. आणि मज्जातंतूच्या लांबच लांब शेपटीत मालाची ने-आण होते तीही त्यांच्यावरूनच. सगळ्यात लांब रूळ हातापायांच्या टोकांपर्यंतचे, म्हणून त्रास तिथे आधी.

नलिकांना हात न लावता विभाजनातलंच एखादं प्रथिन अडवायचं म्हणून औषधं केली गेली. बधिरपणाचा त्रास टळला, पण गाठीवर जोर पडला नाही. प्रयोगशाळेतल्या पेशी रोज दुभंगतात, माणसातली गाठ पुष्कळदा त्याहून सावकाश वाढते, हे त्यामागचं एक कारण मानतात. रिकामटेकडा, इथे तुमच्या बाजूने एक गुण देते.

चष्मिस
लिहून ठेवतो, क्वचितच मिळतो.

रिकामटेकडा
गुण नको. सांजवात यांचा प्रश्न वाचल्यावर माझाच प्रश्न जरा उथळ वाटायला लागलाय. तरी एवढं धरून आहे: पावतीवर ‘कर्करोग’ छापताय, तर खाली ‘यीस्टसुद्धा’ एवढं छापा. मी तरीही देईन बहुधा.

सांजवात
मीही देईन. पण बोटांचं काम करणाऱ्यांना.