पहिल्याच कामापासून करार: नागपुरात जमते का?

रेघोट्या
लोगो, रील, लग्नाचे फोटो, जाहिरातीचा मजकूर अशी सुटी कामं घेणाऱ्या आपल्या लोकांनी पहिल्याच कामाला सही घ्यावी, रक्कम कितीही असो. "आधी ओळख होऊ द्या, कागदाचं मग बघू" हे उलटं आहे. ओळख झाल्यावर कागद काढला की पार्टी दुखावते. पहिल्या दिवशी काढला तर ती तुमची पद्धत असते, कोणी मनावर घेत नाही.

इतवारीचा_पाहुणा
भाऊ, कागद काढला की पार्टी दुसऱ्याकडे जाते. इतवारी-गांधीबागेत लोक शब्दावर माल देऊन राहिले, अन् तुम्ही दिवाळीच्या एका बॅनरसाठी तीन पानं कायले पुढे करता? अर्धे पैसे आधी घ्या, संपलं. आठ हजारांसाठी कोर्टात कोण जाते?

रेघोट्या
कोर्टाची गोष्टच नाही. इतवारीत शब्द चालतो कारण एकाने बुडवलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळतं. आपल्याला ती गल्ली नाही. अ‍ॅडव्हान्स घ्याच, पण खरी कटकट पैशाआधी "अजून थोडं बदलून द्या ना" इथे सुरू होते. बदल किती वेळा, बदल करता येणारी मूळ सीडीआर फाइल देणार की नुसती पीडीएफ, काम मध्येच थांबलं तर किती द्यायचे, एवढं लिहायला तीन पानं लागत नाहीत.

काळाकोट_सदर
तोंडी करारही 1872 च्या करार कायद्यानुसार वैध असतो, फक्त सिद्ध करताना घाम निघतो. ईमेलवर "मान्य" आलं तरी बरंच काम होतं. हक्कांचं मात्र वेगळं आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 म्हणतं की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे मोघम कागदात पार्टीचंही नुकसान आहे. हे तिला सांगून बघा, सही लवकर होते. फोटोवाल्यांनी कलम 17 वाचावं. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काम देणाराच.

क्लिकवाला_धरमपेठ
थांबा थांबा. म्हणजे फुटाळ्यावर काढलेले प्री-वेडिंगचे फोटो माझ्याच पेजवर टाकायले मले नवरदेवाले विचारा लागते? मग तर कागद मलेच पाहिजे बे!

इतवारीचा_पाहुणा
फोटोवाल्यांचं मानलं. पण सही म्हटली की स्टॅम्प पेपर आला, तोही आता 500 चा. तो कोण भरते?

काळाकोट_सदर
मुद्रांक नसला म्हणून करार रद्द होत नाही. कोर्टात पुरावा म्हणून मांडायची वेळ आली तर शुल्क आणि दंड भरावा लागतो. त्यापेक्षा उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधी करा, ती फुकट आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार पैसे द्यायला 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवताच येत नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं.

इतवारीचा_पाहुणा
व्याज मागितल्यावर ती पार्टी परत काम देईल?

रेघोट्या
उशिरा देणारी पार्टी परत कायले पाहिजे?

इतवारीचा_पाहुणा
मार्च महिन्यात विचारा, मग सांगतो. बरं, एक नमुना टाका मराठीत. एका पानाच्या वर गेला तर मीच वाचणार नाही, पार्टी तर दूरच.