मदत हवी आहे: हत्शेप्सुतचे नाव नेमके कोणी खोडले, फोटोवरून कसे ठरवायचे?

लक्सरजवळच्या देर अल-बहरी येथील, प्राचीन इजिप्तची स्त्री फॅरो (राजा) हत्शेप्सुत हिच्या (राज्यकाळ इ.स.पू. सुमारे १४७९ ते १४५८) मंदिरातील फोटोंना मराठी टिपा लिहीत आहे. अडकलोय मधल्या गच्चीवरच्या उत्तरेकडील ओवरीत, जिथे तिच्या दैवी जन्माची दृश्ये आहेत.

खाडाखोड दोनदा झाली. तिच्या मृत्यूनंतर साधारण वीस वर्षांनी तिचा सावत्र मुलगा आणि नंतरचा फॅरो तिसऱ्या थुतमोसने तिची नावे व आकृत्या छिलल्या. पुढे आमूनची उपासना बंद करणाऱ्या फॅरो अखेनातेनच्या काळात आमून देवाचे नाव व रूप खरवडले गेले, नंतर ते पुन्हा कोरले. पंचाईत अशी की तिच्या जन्मनामातच ‘आमून’ आहे: खनेमेत-आमून हत्शेप्सुत. त्यामुळे या नावाभोवतीची लंबगोल चौकट (कार्टूश) फुटलेली दिसली की संशयित दोन.

शेजारी ‘मातकारे’ हे राजनाम, म्हणजे राज्यावर येताना घेतलेले नाव (चिन्हे: सूर्यबिंब, बसलेली मात देवी, वर उचललेले दोन हात) असेल तर सोपे जाते. तेही छिललेले असेल तर मी तिसरा थुतमोस धरतो. ते शाबूत आणि फक्त ‘आमून’ गेले असेल तर अखेनातेन. पहिल्या किंवा दुसऱ्या थुतमोसचे (तिचे वडील व पती) नाव वर कोरलेले असूनही मजकुरात स्त्रीलिंगी ‘त’चे छोटे अर्धगोल चिन्ह उरले असेल, तर मूळ नाव तिचेच मानतो. फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवून, काळे-पांढरे करूनही पाहिले.

पण चार फोटोंत जन्मनामाची चौकट पूर्ण फुटलेली आहे आणि राजनाम फ्रेमबाहेर राहिले आहे. फोटो मोबाइलचे, समोरून आलेल्या सकाळच्या उन्हातले. परत जाणे शक्य नाही. अशा वेळी छिन्नीच्या घावांची दिशा, खोली किंवा छिललेल्या भागाची कड यांवरून दोन्ही काळ वेगळे ओळखता येतात का, की तिथे ‘अनिश्चित’ लिहिणेच योग्य?