मदत हवी आहे : आपत्तीत फिरणारे मदतीचे जुने संदेश वेळीच थांबवावेत कसे?

नमस्कार,

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळाच्या वेळी समाजमाध्यमांवर येणाऱ्या मदतीच्या हाका गोळा करून, पडताळून, त्या बचावपथकांपर्यंत पोहोचवण्याचे काम आम्ही काही स्वयंसेवक करतो. गोळा करण्याची घडी बऱ्यापैकी बसली आहे. अडते ते पुढे. छतावर अडकलेले कुटुंब सुखरूप बाहेर पडले, तरी त्याचा संदेश फिरतच राहतो आणि प्रत्येक नव्या गटात ‘आत्ताच आला आहे’ म्हणून पोहोचतो. मूळ पाठवणाऱ्याने तो सर्वांसाठी पुसून टाकला, तरी इतरत्र गेलेल्या प्रती तशाच राहतात. मग होडी रिकाम्या घराकडे वळते, आणि सुटका झालेल्या माणसाचा फोन अनोळखी लोकांच्या चौकशीने वाजून वाजून बंद पडतो.

२०१० च्या हैती भूकंपात ४६३६ या क्रमांकावर आलेले क्रेओल भाषेतील संदेश जगभरच्या स्वयंसेवकांनी भाषांतरित केले होते, आणि उशाहिदी या, लोकांकडून आलेली माहिती नकाशावर दाखवणाऱ्या संगणकप्रणालीत, लोकांची निवेदने ठिकाणानुसार मांडली जात होती. २०१८ च्या केरळच्या पुरात मदतीच्या विनंत्या नोंदवण्यासाठी केरळ रेस्क्यू हे संकेतस्थळ उभे राहिले. अशा ठिकाणी प्रत्येक विनंतीची एक नोंद असते, त्यामुळे ती निकाली निघाल्याचे तिथेच लिहिता येते. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला अशी एकच जागा नसते. व्हॉट्सॲपने पुढे पाठवण्यावर घातलेल्या मर्यादेने प्रसाराचा वेग कमी होतो, पण जुने आणि नवे यांतला फरक त्या मर्यादेला कळत नाही.

आम्ही ठरवले आहे ते असे : संदेशात ‘आज’ किंवा ‘आत्ता’ न लिहिता तारीख आणि वेळ लिहायची, नोंदक्रमांक द्यायचा, आणि शक्यतो मजकुराऐवजी नोंदीचा दुवा पाठवायचा. परंतु नेटवर्क क्षीण असताना दुवा उघडत नाही, आणि लोक स्क्रीनशॉट काढून पाठवतात, ज्यात नंतर काहीच बदलता येत नाही. (स्क्रीनशॉट हा या कामातला सर्वांत चिवट प्रकार आहे, असे माझे मत झाले आहे.)

यावर ‘अमुक वेळेनंतर पुढे पाठवू नये’ अशी मुदत संदेशातच छापावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मला ते पटते आणि भीतीही वाटते, कारण मुदत उलटूनही माणूस तिथेच अडकलेला असू शकतो. मुदत संपत आली की कोणीतरी पुन्हा फोन करून ती वाढवायची, असे केले तर रात्रपाळीला पुरेशी माणसे लागतील. ही पद्धत कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का, आणि मुदत किती तासांची ठेवली होती?

दुसरा प्रश्न अधिकाराचा. नोंद बंद कोणी करावी : विनंती करणाऱ्याने, बचावपथकाने, की फोनवरून खात्री करणाऱ्या स्वयंसेवकाने? फोन बंद लागला म्हणून नोंद बंद करू नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग अशा अर्धवट नोंदी साचत जातात आणि यादीवरचा विश्वास उडतो. त्या वेगळ्या ठेवण्याची एखादी चांगली रीत असल्यास सांगावी.

काम संपल्यावर यादीतील फोन नंबर आणि पत्ते किती दिवसांत पुसता, हेही कळले तर बरे होईल. नियंत्रण कक्षात काम केलेल्या सदस्यांनी नोंदीचा नमुना, नावे व नंबर काढून, इथे दिल्यास फार उपयोग होईल.