थंडीतला दाट स्ट्यू: कोण कसा करतं?

पारा दहाच्या आसपास उतरला की स्ट्यूचं पातेलं निघतं. बीफचा करणाऱ्यांनी लिहा, मटणाचा करणाऱ्यांनीही. 'अंदाजे' आणि 'चवीनुसार' सोडून माप, वेळ आणि बिघडतं कुठे ते सांगा. (२०१५ पासून महाराष्ट्रात गाय-बैलाच्या मांसावर बंदी आहे, म्हणजे इथे बीफ म्हशीचंच.)

लष्करकर
१ किलो मांस नडगीचं किंवा मानेचं घ्या. मांडीचं दिसायला छान, पण त्यात चिवट पडदे कमी. तासाभरात कोरडं पडतं. नडगीतले पडदे मंद आचेवर विरघळतात आणि रस्सा त्यानेच दाट होतो.

४ सेंटिमीटरचे तुकडे फडक्याने कोरडे पुसा, मीठ लावा. जाड बुडाच्या पातेल्यात २ मोठे चमचे तेल चांगलं तापवून तीन घाण्यांत परता. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं, मांस राखाडी होतं आणि रंग धरत नाही. ते काढून त्याच तेलात ३ कांदे, ८ लसूण पाकळ्या, मग २ चमचे मैदा दोन मिनिटं. १ लिटर गरम पाणी ओतून बुडाचं चिकटलेलं लाकडी उलथन्याने खरवडा, खरी चव तिथेच असते. मांस परत आत, १० मिरी, ४ लवंगा, २ तमालपत्रं, दालचिनीचा लहान तुकडा. झाकण तिरपं ठेवून अडीच ते तीन तास. खदखदू देऊ नका, अधूनमधून एखादा बुडबुडा आला की पुरे.

कोथरूडची
तीन तास गॅस कोण जाळणार! कुकर लावा. फक्त मैदा वगळा, तळाला लागतो. पाणी अर्धा लिटर बास, कारण वाफ फारशी बाहेर जात नाही. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून सोडली तर आतला रस्सा एकदम उसळतो आणि तुकडे फाटतात. दाटपणासाठी शेवटी शिजलेले दोन बटाटे त्यातच ठेचते.

लष्करकर
ताई, ४० मिनिटं कोवळ्या जनावराला. वयस्कर म्हैस असेल तर काटा सहज रुतेपर्यंत १०-१० मिनिटं वाढवा.

खांदासीना
बोकडाचा करणाऱ्यांसाठी: खांदा आणि सीना निम्मा-निम्मा, वर नळीचे चार तुकडे मागून घ्या. पातेल्यात दीड तास, कुकरमध्ये २० मिनिटं. गरम मसाल्याच्या डब्याकडे हात जाईल, आवरा. हळद-तिखट पडलं की तो मटणाचा रस्सा, स्ट्यू नव्हे.

मंडईफेरी
भाज्यांचं कुणीच लिहिलं नाही. किलोला ४ बटाटे, ३ गाजरं, वाटीभर मटार. मांस मऊ झाल्यावरच घालायच्या, कुकरवाल्यांनीही झाकण काढून. बटाटे आणि केशरी गाजर शेवटच्या अर्ध्या तासात, हिवाळ्यातलं लाल गाजर त्यानंतर दहा मिनिटांनी, मटार शेवटची पाच मिनिटं. नवा बटाटा फुटत नाही. ठेचायचा असेल तर जुना घ्या. टोमॅटो किंवा व्हिनेगर बटाटा शिजल्यावरच. आंबटात तो तासभर कडकच राहतो आणि दोष बटाट्याला दिला जातो.

कोथरूडची
आदल्या दिवशी केला तर जास्त मुरतो. पसरट भांड्यात ओतून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीची साय धरते ती चमच्याने उचला, पण सगळी नको. फ्रीझरमध्ये ठेवायचा तर बटाट्याशिवाय, नंतर तो भुसभुशीत लागतो.

नवशिक्या
ब्रून पाव की भात?

लष्करकर
ब्रून, लोणी लावून. भाताबरोबर हवा असेल तर कपभर गरम पाणी वाढवा आणि मीठ पुन्हा चाखा.