स्वयंसेवकांनी चालवलेली कलासंस्था पुढच्या पिढीकडे कशी सोपवावी?

प्रश्न : सिंहगड रस्ता

सर्वांना नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची एक छोटी नोंदणीकृत कलासंस्था आहे. बालनाट्य शिबिरे, सुगम संगीताचा वर्ग आणि भोर व मुळशी तालुक्यांतील शाळांमध्ये वर्षाकाठी दोन-तीन नाट्यकार्यशाळा असे तिचे काम गेली १९ वर्षे अखंड चालू आहे. पदाधिकाऱ्यांपैकी कोणीही एक रुपया मानधन घेत नाही. मी ११ वर्षे कार्यवाह आहे. अध्यक्ष आता ७६ वर्षांचे आहेत आणि खजिनदारांना डोळ्यांच्या त्रासामुळे खतावणी वाचणे जड जाते. येत्या जुलैच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीची मुदत संपत आहे.

आमच्याकडे माणसांची वाण नाही, हेच मला सर्वांत जास्त बोचते. प्रयोग असला की २५-३० तरुण मुले-मुली येतात, नेपथ्याचे लेव्हल आणि फ्लॅट उचलतात, प्रकाशयोजना सांभाळतात आणि मध्यरात्री टेम्पोत सामान भरून झाल्याशिवाय घरी जात नाहीत. पण कार्यकारिणीसाठी नाव द्या म्हटले की कोणीच पुढे येत नाही. मागच्या सभेत मी नावे मागितली, तेव्हा आमच्याच शिबिरात वाढलेल्या एका मुलीने हळूच विचारले, "ताई, पद न घेता मदत केली तर चालणार नाही का?" त्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही.

तरुणांना आग्रह करावा, काम आवरते घ्यावे, की पगारी व्यवस्थापक नेमावा? ज्यांनी अशी संस्था प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी अनुभव सांगितल्यास मी आभारी राहीन.

उत्तर १ : माजी खजिनदार, सदाशिव पेठ

ताई, माणसे शोधण्याच्या आधी कागद पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे बहुतेक कलासंस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की त्यातील दुसऱ्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करावा लागतो. सभेत टाळ्या वाजल्या म्हणून कार्यकारिणी कागदोपत्री बदलत नाही. पुष्कळ संस्थांमध्ये दोन-तीन मुदतींचे अर्ज दिलेलेच नसतात आणि नव्या माणसाच्या गळ्यात पहिल्याच दिवशी जुने ओझे पडते.

हे मी स्वतः भोगले आहे. आमचे ज्येष्ठ खजिनदार अचानक वारले. बँकेत त्यांची आणि अध्यक्षांची अशा दोन सह्या लागत, आणि आम्ही आधीच्या निवडणुकीचा बदल अर्ज केलेलाच नसल्यामुळे नव्या सहीसाठी दाखवायला आमच्याकडे धड कागद नव्हता. सात महिने खात्यातले पैसे खात्यातच राहिले. उन्हाळी शिबिराचे सभागृहाचे भाडे, मुलांचा खाऊ, तबलजींचे मानधन हे सारे चौघांनी आपापल्या खिशातून भागवले. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की निवडणुकीचे इतिवृत्त, सभेची सूचना, हजेरीच्या सह्या आणि नव्या सदस्यांची संमतिपत्रे त्याच आठवड्यात एका फाइलमध्ये लावून ठेवा.

दुसरे असे की, खजिनदार एका सभेत बदलू नका. एक वर्ष सहखजिनदार म्हणून नव्या माणसाला शेजारी बसवा. देणगीची पावती फाडताना दात्याचा पॅन का मागायचा, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर दात्याला आयकरातली सवलत का मिळत नाही, देणग्यांचे वार्षिक विवरणपत्र ३१ मेच्या आत का भरायचे, या गोष्टी भाषणाने समजत नाहीत. वर्षाचे चक्र एकदा डोळ्यांसमोरून गेले की मग त्यांची भीती राहत नाही.

उत्तर २ : विंगेतून, कोथरूड

मी २७ वर्षांची आहे आणि अशाच एका संस्थेत पद नाकारलेल्यांपैकी आहे, म्हणून आमची बाजू मांडते.

तरुणांना वेळ नसतो हे कारण मला पटत नाही. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. तिथे दिवसभर नोकरी करून आलेली मुले-मुली रोज संध्याकाळी हातांना पट्ट्या बांधून उभी राहतात आणि त्यांतील कोणालाही पैसे मिळत नाहीत. पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते, आणि त्या एका एकांकिकेसाठी महाविद्यालयातील मुले भर पावसात रात्र-रात्र तालमी करतात. मी स्वतः दोन वर्षे भरत नाट्य मंदिराच्या विंगेत हातात प्रॉपर्टीची, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंची, यादी घेऊन उभी होते. तिथे मला माझे काम ठाऊक होते, ते कोणत्या मिनिटाला करायचे हे ठाऊक होते आणि ते कधी संपणार हेही ठाऊक होते.

कार्यकारिणीच्या पदाचे असे काहीच ठाऊक नसते. "सहकार्यवाह हो" असे म्हणतात, पण आठवड्याला किती तास लागतील, कोणत्या कागदावर सही करावी लागेल आणि हिशेबात चूक निघाली तर जबाबदार कोण, हे कोणी सांगत नाही. ११ वर्षे एकच व्यक्ती कार्यवाह आहे हे पाहून आम्हाला आदर वाटतो, पण आपल्यालाही इथून ११ वर्षे सुटका नाही अशी धास्तीही वाटते. (ताई, हे आपल्याला लागावे म्हणून लिहिलेले नाही.) त्यात बैठका बुधवारी संध्याकाळी पाच वाजता ठेवल्या जातात, जेव्हा आम्ही हिंजवडीत किंवा खराडीत कामावर असतो.

माझी विनंती आहे की पद देण्याआधी काम द्या, आणि काम देताना त्यातला निर्णयही द्या. भोरची कार्यशाळा एका मुलीकडे सोपवायची असेल, तर शाळेशी बोलणे, खर्चाचा अंदाज आणि प्रशिक्षकाची निवड हे सारे तिच्याकडे असू द्या. खर्च मंजूर करून घेण्यासाठी तिला तीन ज्येष्ठांना फोन करावे लागले, तर ती पुढच्या वर्षी फक्त फ्लॅट उचलायला येईल.

उत्तर ३ : औंध

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पगारी मदतीचा विचार बाजूला सारू नये. नोंदवह्या, पावत्या आणि सनदी लेखापालांकडे द्यायचे कागद यांसाठी महिन्याकाठी चार-पाच दिवस येणारा हिशेबनीस नेमला, तर स्वयंसेवकांची शक्ती कलेच्या कामाला लागते. मात्र विश्वस्तांपैकीच कोणाला मानधन द्यायचा विचार असेल, तर आधी आपली घटना आणि नियमावली वाचावी आणि सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा. हिशेबनीस पगारी असला तरी हिशेबाची जबाबदारी विश्वस्तांचीच राहते, म्हणून महिन्यातून एकदा खजिनदारांनी व्हाउचर स्वतः पाहिलीच पाहिजेत.

पूर्ण वेळचा व्यवस्थापक मात्र आपल्या आकाराच्या संस्थेने नेमू नये. त्याचा पगार उभा करण्यातच वर्ष जाते, आणि शाळांच्या कार्यशाळा मागे पडतात.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : सिंहगड रस्ता

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. गेल्या रविवारी मी तीन तरुण सदस्यांना घरी बोलावले आणि संस्थेचे लोखंडी कपाट त्यांच्यासमोर उघडले. ते कपाट माझ्या आतल्या खोलीत आहे आणि त्याची किल्ली ११ वर्षे माझ्याच पर्समध्ये असते. वरच्या खणात इतिवृत्ताच्या वह्या, मधल्या खणात व्हाउचरच्या फाइली आणि खाली हार्मोनियमच्या खोक्यात कार्बन लावलेली अर्धी भरलेली पावती पुस्तके. आम्ही वहीच्या मागच्या पानांवर वर्षभराच्या कामांची यादी करायला बसलो. ती ४१ कामांची झाली. त्यांतील १७ कामे माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हती. मुळशीच्या शाळांना कार्यशाळेचे पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले नाही तर त्यांचे वेळापत्रक ठरून जाते, एवढी साधी गोष्टसुद्धा मी कधी कोणाला सांगितली नव्हती. मुलांनी पुढे यावे असे मी म्हणत राहिले आणि पुढे येण्याची वाट मीच अडवून बसले होते, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आले.

कागदही तपासले. २०१९ नंतरचा बदल अर्ज दाखल झाल्याची पोच फाइलमध्ये नाही. आमचे वकील पुढच्या आठवड्यात कार्यालयात जाऊन अभिलेख पाहणार आहेत, आणि काही राहिले असेल तर ते आम्ही जुनेच पदाधिकारी निस्तरू, नव्यांच्या माथी मारणार नाही.

ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, तिने भोरचे काम खर्चाच्या निर्णयासह एका वर्षासाठी स्वीकारले आहे. पद तिने अजून घेतलेले नाही आणि मीही तो विषय काढलेला नाही. सहखजिनदार म्हणून एक जण तयार आहे, फक्त बैठका रविवारी सकाळी व्हाव्यात एवढी त्याची अट आहे, आणि ती अध्यक्षांनी लगेच मान्य केली. सर्वसाधारण सभाही आता रविवारी सकाळी दहाला ठेवत आहोत. आमच्या घटनेप्रमाणे सूचना १५ दिवस आधी जावी लागते, म्हणून पत्रांचा मसुदा आज रात्रीच करायला घेते. कामांच्या यादीची प्रत पत्रासोबत जोडावी की सभेतच वाचून दाखवावी, एवढे मात्र माजी खजिनदारांनी कृपया सांगावे.

उत्तर ४ : माजी खजिनदार, सदाशिव पेठ

पत्रासोबतच जोडा. प्रत्येक कामापुढे लागणारे तास आणि महिना लिहा, आणि सध्या ते कोण करते हा रकानाही ठेवा. त्या रकान्यात आपले नाव किती वेळा येते, हे सभासदांना घरी निवांत वाचता येऊ द्या.