बर्न-इन चालू असताना संगणकावर नेटवर्कवरून नजर ठेवावी का?

समांतर_तार (धागाकर्ता)

जोडून झालेला संगणक खोक्यात जाण्याआधी कारखान्यात काही तास पूर्ण ताणावर चालवतात. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळं एकाच वेळी. जे सुटे भाग लवकर मरणार असतात ते ग्राहकाकडे न मरता इथेच मरावेत, हा बर्न-इनचा हेतू. प्रश्न असा की या काळात यंत्र एकटं सोडावं आणि शेवटी निकाल बघावा, की नेटवर्कवरून त्याच्यावर सतत लक्ष ठेवावं?

माझं मत: रॅकवरचं प्रत्येक यंत्र नेटवर्कवर असलंच पाहिजे. शेवटी पडद्यावर येणारा हिरवा ‘पास’ मला पुरेसा वाटत नाही.

ईसीसी रॅमचंच, म्हणजे छोट्या चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या रॅमचंच घ्या. एका बिटची चूक झाली तर ती जागच्या जागी दुरुस्त होते आणि चाचणी पुढे जाते. एकाच स्लॉटमधून दर काही मिनिटांनी अशी दुरुस्ती होत असेल तरी निकाल पासच, कारण चाचणीच्या हाती आलेला डेटा बरोबर होता. किंवा रात्री यंत्र स्वतःहून रीस्टार्ट झालं, स्क्रिप्ट पहिल्यापासून सुरू झाली, सकाळी पास. मधे काय झालं ते डिस्कवर लिहायला कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, वेळच मिळालेला नसतो. नेटकन्सोल ही कर्नलचे संदेश नेटवर्कवर पाठवणारी सोय चालू असेल तर त्याचे शेवटचे संदेश यूडीपीवरून, म्हणजे पोच न मागणाऱ्या पाकिटांतून, बाहेर पडतात आणि दुसऱ्या यंत्रावर नोंदले जातात.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा शेजारच्यांशी तुलना करता येण्याचा आहे. एकाच रॅकवर एकाच मॉडेलची चाळीस यंत्रं एकच काम करताहेत. एकोणचाळीसांचे पंखे एका वेगाने फिरताहेत आणि एकाचा बराच जास्त. तापमान मर्यादेत आहे, म्हणून तेही पास. प्रत्यक्षात हीटसिंक नीट बसलेला नाही आणि पंखा ती उणीव भरून काढतोय. ते एकटं बघून हे कधीच कळणार नाही.

बंद_दार

पूर्ण असहमत. टेस्ट फ्लोअरवर नेटवर्क जितकं कमी तितकं बरं.

ऑगस्ट 2018 मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या तैवानी कंपनीच्या कारखान्यांत काय झालं ते आठवा. नवं यंत्र बसवताना ते आधी तपासलं नव्हतं. ते नेटवर्कला जोडलं, आणि वॉनाक्राय या व्हायरसचा एक प्रकार एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला. त्या तिमाहीच्या उत्पन्नावर सुमारे 3 टक्के परिणाम होईल असा अंदाज कंपनीनेच दिला होता. वॉनाक्राय ज्या फटीतून शिरायचा तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दिलेला होता. उत्पादनावरची यंत्रं वेळेवर पॅच होत नाहीत, हे इथे काम करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आणि बर्न-इनच्या रॅकवर तर रोज नवी यंत्रं येणार, जी अजून कुणी तपासलेलीच नाहीत.

दुसरं म्हणजे खोटे फेल. नेटवर्कचा एक स्विच बंद पडला की डॅशबोर्डवर अख्खा रॅक लाल. यंत्रांना काही झालेलं नसतं, तरी रिटेस्ट. असं चारदा झालं की ऑपरेटर लाल दिव्याकडे बघणं सोडतो, आणि पाचव्यांदा खरा दोष असतो. लॉग यंत्रातच ठेवा, चाचणी संपली की उतरवून घ्या.

पेंडिंग_197

धागाकर्त्याशी सहमत, पण फक्त पास-फेल गोळा करत असाल तर तार ओढायचे कष्ट घेऊ नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवते त्यांत 199 क्रमांकाचा आकडा चाचणीदरम्यान वाढत गेला तर बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टर ढिला असतो, डिस्क चांगली असते. 5 आणि 197 वाढले तर दोष डिस्कच्या पृष्ठभागाचा. दुरुस्ती-टेबलावरच्या माणसाला हा फरक कळला नाही तर तो चांगली डिस्क बदलतो, आणि केबल तशीच राहून पुढे जाते. आकडा कोणत्या क्षणी वाढला, तेव्हा तापमान किती होतं, हे वेळेसकट हवं.

निवांत_कोअर

एक तांत्रिक आक्षेप. लक्ष ठेवणारा प्रोग्राम यंत्राच्या आत चालत असेल तर तो चाचणीच बदलतो. पूर्ण ताणावर फरक जाणवणार नाही. पण व्होल्टेजचे दोष पुष्कळदा प्रोसेसर झोपेतून एकदम कामावर येतो त्या क्षणी दिसतात. तुमचा हा प्रोग्राम (एजंट) दर सेकंदाला तापमान विचारून त्याला जागं ठेवत असेल, तर तो खोल झोपेत जाणारच नाही आणि दोष लपेल. सर्व्हरमध्ये बीएमसी हा वेगळा छोटा संगणक असतो, त्याला विचारा. मुख्य प्रोसेसरला कळतही नाही.

बंद_दार

बीएमसी? त्याच्याशी बोलायच्या आयपीएमआय 2.0 या प्रोटोकॉलमध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश, म्हणजे ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो ती खूण, समोरच्याला देतो. ही चूक प्रोटोकॉलच्या रचनेतच आहे, पॅच लावून जात नाही. कारखान्यात तर सगळ्यांवर एकच पासवर्ड असतो.

समांतर_तार

नेटवर्क हवं म्हणजे इंटरनेट हवं, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. रॅकचं जाळं वेगळं, ऑफिसकडे वा बाहेर जायला वाट नाही, एका पोर्टवरच्या यंत्राला शेजारच्या पोर्टवरचं यंत्र दिसत नाही, दिसतो तो फक्त लॉग घेणारा सर्व्हर. टीएसएमसीमध्ये यातलं काही असतं तर व्हायरस पहिल्याच यंत्रावर थांबला असता. बीएमसीशी बोलायला शक्य तिथे आयपीएमआयऐवजी रेडफिश हा प्रोटोकॉल वापरावा, तो एचटीटीपीएसवरून, म्हणजे कूटबद्ध जोडणीवरून, चालतो.

खोट्या फेलबद्दलचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याचं मूळ डॅशबोर्डच्या रचनेत आहे. हार्टबीट, म्हणजे यंत्राचा ‘मी चालू आहे’ हा ठराविक वेळाने येणारा संदेश, आला नाही याचा अर्थ यंत्र फेल असा नाही. ‘माहीत नाही’ ही तिसरी अवस्था हवीच. निकाल यंत्राने स्वतः द्यावा, नेटवर्कने फक्त साक्ष द्यावी.

लीज_संपली

कागदावर सगळं छान दिसतं, फ्लोअरवर काय होतं ते सांगतो. यंत्रांना नेटवर्कचे पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची मुदत विंडोज सर्व्हरवर मुळात 8 दिवसांची असते. नेहमीच्या सबनेटमध्ये, म्हणजे जाळ्याच्या एका तुकड्यात, पत्ते 254. दिवसाला शंभर यंत्रं रॅकवरून गेली तरी तिसऱ्या दिवशी पत्ते संपतात, कारण निघून गेलेल्या यंत्रांच्या नावावर पत्ते अजून अडकलेले असतात. नवीन यंत्र नेटवर्कवरून बूटच होत नाही आणि सगळे नेटवर्क कार्डाला दोष देत बसतात. मुदत चाचणीच्या वेळेपेक्षा थोडी जास्त ठेवा, बस.

दुसरा घोळ ओळखीचा. काही बोर्डांवर यूयूआयडी, म्हणजे प्रत्येक बोर्डाचा वेगळा ओळख क्रमांक, लिहायचा राहून जातो आणि 03000200 ने सुरू होणारा तोच तो भरीचा आकडा सगळ्यांवर असतो. डॅशबोर्ड त्यावरून ओळखत असेल तर दोन यंत्रं एकाच ओळीत येतात. एकाचं तापमान, दुसऱ्याच्या रॅमच्या चुका. मी बाजूला काढलेलं यंत्र निर्दोष आणि सदोष यंत्र पॅकिंगला, असं होताना पाहिलंय. बारकोडचा सीरियल नंबर आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता दोन्ही जुळल्याशिवाय नोंद घेऊच नये.

उरलेलं_खातं

कुणीच विचारत नाही म्हणून विचारते: चाचणी संपल्यावर हे सगळं यंत्रातून निघतं का? 2018 मध्ये ॲपलच्या काही लॅपटॉपवर इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिन या चिपसेटमधल्या नियंत्रकाचा मॅन्युफॅक्चरिंग मोड, म्हणजे फक्त कारखान्यासाठीची अवस्था, चालूच राहिल्याचं उघड झालं, ॲपलला अपडेट काढावं लागलं. 2017 मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपवरचा ऑडिओ ड्रायव्हर ग्राहकाची प्रत्येक कळ फाइलमध्ये लिहीत होता, डीबगचा कोड तसाच राहिला म्हणून. तुमचा एजंट, त्याचं खातं, त्याचं सर्टिफिकेट यातलं काही ग्राहकाकडे गेलं तर जबाबदार कोण? लाइनवर घाईच्या दिवशी पहिली गळते ती साफसफाईची पायरी.

समांतर_तार

म्हणून डिस्कवर काही टाकायचंच नाही. पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट, चाचणी रॅममधून, वीज गेली की सगळं गेलं. मॅन्युफॅक्चरिंग मोड बंद झाला की नाही हे मात्र वेगळं तपासावं लागेल, आणि ती तपासणी पास झाल्याशिवाय पॅकिंगचं लेबल छापलं जाऊ नये.

156_की_0

तुम्ही सगळे तापमान आणि पंखे मोजताय. 2021 मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एका सदोष प्रोसेसरबद्दल लिहिलं: एका कोअरवर 1.1 चा 53 वा घात काढून पूर्णांक घेतला की 156 ऐवजी 0 यायचा. एररही नाही, लॉगमध्येही काही नाही. असे प्रोसेसर कारखान्यातल्या सगळ्या चाचण्या पार करून आलेले असतात. इथे तुमचं नेटवर्क काय बघणार? आणि बरोबर उत्तर आधीच ठाऊक असतं, तर शेजारच्या यंत्राशी तुलनाही नको. यंत्र स्वतःच तपासू शकतं.

समांतर_तार

उत्तर तपासायला नेटवर्क लागत नाही, बरोबर. पण जो कोअर गणित चुकवतो त्यालाच ‘माझं उत्तर बरोबर आलं का’ असं विचारायचं, हे मला पटत नाही. उत्तरं बाहेर पाठवा, तुलना दुसऱ्या यंत्रावर होऊ द्या.

दुसरी_पाळी

तुमच्या वादात एक गोष्ट राहिली. यंत्रावर ठेवलेली नजर माणसावर वळायला वेळ लागत नाही. कोणत्या ऑपरेटरने रॅक किती मिनिटांत भरला हे त्याच नोंदींतून निघतं. ते काढायचं नाही, हे आधी लेखी ठरवा.

बंद_दार

लेखी ठरवा, याला माझा पाठिंबा.

बाकी, कर्नलचे शेवटचे शब्दच हवे असतील तर सीरियल कन्सोल, म्हणजे थेट तारेवरून मजकूर बाहेर देणारं पोर्ट, आहे की. तीन तारा, 115200 बॉडचा वेग, पलीकडे नोंद घेणारा एक डबा. आयपी पत्ता नाही, डीएचसीपी नाही, एका यंत्रावरून दुसऱ्यावर काही चढायला वाट नाही. यूडीपीचं पाकीट हरवलं तर कळतही नाही, हेही विसरू नका.

समांतर_तार

सर्व्हरसाठी हे मला मान्य, आमच्या रॅकवरही लावून बघण्यासारखं आहे. पण लॅपटॉपला सीरियल पोर्ट कुठून आणणार? त्याला बीएमसीही नसतो. तिथे तुमच्याकडे तार न जोडता काही उपाय असेल तर तपशिलात लिहा.