पीडितांना भरपाई निकालाआधी द्यावी की नंतर?

धागाकर्ती, जुळे सोलापूर:
गुन्ह्यातील पीडितांना सरकारी भरपाई देण्याची तरतूद २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ म्हणून आली आणि आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. तरीही विडी वळणाऱ्या बाईला किंवा हल्ल्यात हात गमावलेल्या यंत्रमाग कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, याची कल्पनाही बहुधा नसते. म्हणून फिर्याद नोंदवतानाच हा अर्ज भरून घेऊन तो प्राधिकरणाकडे पाठवण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर असावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद, फौजदारी वकील, पंढरपूर:
ताई, हेतू चांगला आहे, पण मी असहमत आहे. पोलिसांनीच अर्ज भरून घेतला, तर उलटतपासणीत बचावपक्ष पहिला प्रश्न विचारेल की ही फिर्याद पैशासाठीच केली ना, आणि त्या एका प्रश्नाने खऱ्या पीडितेची साक्ष डागाळू शकते. शिवाय रक्कम हाती पडल्यावर साक्षीदार फिरले, तर सरकारने काय करायचे? उपचारांचा खर्च तत्काळ द्यावा, उरलेली रक्कम मात्र दोषसिद्धीनंतरच द्यावी.

धागाकर्ती:
वकीलसाहेब, कायद्याने दोषसिद्धीची अट घातलेलीच नाही. आरोपीचा माग लागला नाही आणि खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला अर्ज करता येतो, आणि चौकशी दोन महिन्यांत संपवून प्राधिकरणाने रक्कम ठरवायची असते. ॲसिड हल्ल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान ३ लाख रुपये द्यायला सांगितले, त्यातील १ लाख पंधरा दिवसांच्या आत, कारण भाजलेल्या त्वचेवरच्या शस्त्रक्रिया निकालाची वाट पाहत नाहीत. घरातला कमावता माणूस मारला गेला, तर त्याच्या मुलांची शाळेची फीही थांबत नाही. साक्ष डागाळण्याची आपली भीती मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय न्यायाधीशांनी तो प्रश्न रोखण्यात आहे. त्याची किंमत पीडितेने उपाशी राहून का मोजावी?

प्रतिसाद, करमाळा:
आमच्यासाठी सोलापूरचा हेलपाटा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. तालुका विधी सेवा समितीतच अर्ज घेऊन पोच द्यावी.

प्रतिसाद, फौजदारी वकील, पंढरपूर:
करमाळ्याच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. भरपाईबाबत मात्र अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांप्रमाणे गुन्हा नोंदणी, दोषारोपपत्र आणि निकाल अशा टप्प्यांनी रक्कम द्यावी, इथपर्यंतच मी येऊ शकतो. संपूर्ण रक्कम आधी देण्यास माझा विरोध कायम आहे.